एल्डथॉर्प बुद्रुक

रियाधमध्ये, ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसात नवा माणूस रुजू झाला की एचआर त्याला इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, विमा आणि पार्किंग समजावून सांगायचं. तिथून सुटला की त्याला करंजखोलकर गाठायचे. मला त्यांनी लिफ्टमध्ये गाठलं. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाकून वाचलं, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचलं आणि मराठीत म्हणाले,

"मुक्ता शैला विश्वास. ही तर तीन माणसं झाली. आडनाव कुठाय?"

"मी आडनाव लावत नाही."

"का बरं?"

"जात कळते म्हणून."

माझा मजला आला. मला वाटलं विषय संपला. मी बाहेर पडले तर गृहस्थांनी दारात बूट घालून लिफ्ट अडवली. आत उभे असलेले चार लोक घड्याळं बघत होते. "मी जात विचारत नाहीये पोरी," ते म्हणाले, "मी गाव विचारतोय."

हा फरक मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटलेला नाही. मी ज्या घरात वाढले तिथे पाहुण्यांना बसायला खुर्च्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. अक्षरं मी त्या पत्रकांवरच गिरवली. आपल्याकडे गाव विचारणारा माणूस पुढे आळी विचारतो, आळीनंतर देव विचारतो, आणि मग त्याला काही विचारायची गरज उरत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. करंजखोलकर मात्र गावापाशी थांबायचे. पुढचं त्यांना खरोखरच नको असायचं. चिडायचं तर कशावर, हेही ते धड ठरवू देत नसत.

सुधाकर करंजखोलकर. ठेंगणे, रुंद, अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर टाय, आणि एसी बाधतो म्हणून त्यावर त्यांच्या बायकोने, सुनंदाकाकूंनी विणलेला मरून स्वेटर. बाहेर डांबर वितळत असायचं आणि हा माणूस स्वेटरात. आमची फर्म इमारतींचे आराखडे तपासते. ते वरिष्ठ अभियंता होते, मी त्या आराखड्यांचं सॉफ्टवेअर सांभाळायची. त्यांची जुनी पांढरी गाडी रियाधच्या रस्त्यांवर अशा वेगाने चालायची की मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडून द्यावा. एकदा त्यांनी मला घरी सोडलं. वाटेत दिसेल त्या दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचून ते कुठल्या गावचं हे सांगत होते, आणि प्रत्येक पाटीला गाडी आणखी हळू होत होती. त्यानंतर मी टॅक्सीनेच गेले.

अकाउंट्समधला बुखारी मक्केचा. त्याच्या घराण्यातलं कोणीतरी पूर्वी बुखाऱ्याहून हजला आलं आणि मक्केतच राहिलं. ही माहिती त्याने चहा पिताना सहज दिली, आणि त्याच क्षणी त्याचं स्वातंत्र्य गेलं. दुसऱ्या दिवसापासून करंजखोलकर त्याला कॉरिडॉरच्या या टोकाहून हाक मारायचे, "बुखारकर! यल्ला, चहा!" तो कपाळावर हात मारून घ्यायचा. पण यायचा.

माझ्या बाबतीत त्यांनी त्याहून वाईट केलं. मी पॅंट्रीत उभी राहून बाबांशी व्हिडिओवर बोलत होते. मागून स्वेटर आला. "नमस्कार विश्वासराव! मी करंजखोलकर. मूळ गाव कुठलं तुमचं?" मी मनात म्हटलं, आता ऐका. आडनावांविरुद्ध आयुष्यभर लिहिलेला माणूस आहे समोर. आणि माझे बाबा, ज्यांनी माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव येऊ नये म्हणून मुख्याध्यापकांशी भांडण केलं होतं, ते फोनमध्ये इतके फुलले की मला लाज वाटली. गाव सांगितलं. नदी सांगितली. चिंचेखालची शाळा सांगितली. कुठल्या वळणावर एसटी बंद पडायची ते सांगितलं.

"बाबा!" मी म्हटलं.

"अगं, विचारलं त्यांनी," बाबा म्हणाले.

करंजखोलकर चहात साखर ढवळत माझ्याकडे बघून हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मनापासून म्हणाले, "चांगलं गाव आहे तुझं. जाऊन ये एकदा."

हे त्यांचं पालुपद. जाऊन ये एकदा. केरळच्या माणसाला, हैदराबादच्या माणसाला, फिलिपिन्सच्या रिसेप्शनिस्टला, सगळ्यांना. आपण मूळचे कुठले ते शोधा आणि जाऊन या. मी एकदा वैतागून विचारलं, "तुम्ही जाता का हो करंजखोलला?" तेव्हा त्यांना अचानक एक ड्रॉइंग आठवलं आणि ते उठून गेले.

पण त्यांच्या तावडीत खरा सापडला तो ग्रॅहम. ग्रॅहम एल्डथॉर्प, आमचा डिझाइन मॅनेजर, इंग्रज, साठीला आलेला, एकटा. वडील लष्करात, त्यामुळे लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी घर बदललेलं. मोठेपणी आखातात एका शहरातून दुसऱ्या शहरात. मितभाषी माणूस. त्याला कोणी काही विचारलेलं आवडायचं नाही, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर करंजखोलकर.

क्लायंटबरोबर मोठी बैठक होती. प्रोजेक्टर चालेना. मी तारांशी झगडत होते. त्या रिकाम्या पाच मिनिटांत करंजखोलकरांनी टेबलापलीकडून इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ग्रॅहम, तुमच्या नावातलं थॉर्प म्हणजे काय, माहीत आहे?"

"नाही."

"डेन्मार्ककडून लोक आले, तुमच्या देशात वसले. मोठ्या गावापासून जरा लांब जी चार घरं करून राहिले, ते थॉर्प. आमच्याकडे त्याला वाडी म्हणतात. आणि एल्ड म्हणजे जुनी. तुम्ही जुन्या वाडीचे."

"सुधाकर, प्लीज."

"नुसतं नाव नाही ते. पत्ता आहे!"

क्लायंटच्या मुख्य इंजिनिअरला हे फार आवडलं. त्याने आपलं घराणं कुठल्या खोऱ्यातलं ते सांगायला घेतलं. त्याच्या शेजारच्याने त्याचं खोडून काढलं. प्रोजेक्टर चालू झाला तरी कोणी पडद्याकडे बघेना. ग्रॅहमचे कान लाल झाले होते. माझेही झाले असतील, कारण त्या सादरीकरणासाठी मी आठवडाभर राबले होते.

बैठकीनंतर ग्रॅहमने त्यांना खोलीत गाठलं. मी तारा गुंडाळत होते. "मला गाव नाही," तो म्हणाला. "माझे आजोबा बंदरावर काम करायचे. त्यांच्या आधीचं मला काही ठाऊक नाही. आडनाव म्हणजे फक्त आडनाव."

करंजखोलकर खुर्ची ओढून बसले. मला कळलं, आता अर्धा तास गेला.

"असं बघा. मी करंजखोलमध्ये राहत असतो तर मला करंजखोलकर कोण म्हणालं असतं? तिथे सगळेच करंजखोलचे. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव पडत नाही. जो उठून दुसरीकडे जातो, त्याला तिथले लोक विचारतात, हा कुठला? एल्डथॉर्पचा. म्हणजे तुमच्या घरातलं कोणीतरी एक दिवस एल्डथॉर्प सोडून निघालं. का निघालं? तुम्हाला कधी वाटत नाही विचारावंसं?"

"नाही," ग्रॅहम म्हणाला.

मला ग्रॅहमचं सगळं पटत होतं. तरीही तारा गुंडाळताना माझे हात मंदावले, ते कशाने, मला सांगता येणार नाही.

पुढे करंजखोलकरांनी सगळं काम रीतसर केलं. जेवणाच्या सुट्टीत इंग्लंडचे जुने नकाशे उघडायचे. इंग्रजांच्यातही एकाच नावाची थोरली आणि धाकटी गावं असतात, आपल्या बुद्रुक-खुर्दसारखी, हे कळलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजल्याला बकलावा वाटला. "धाकटं काही सापडत नाही. त्या अर्थी हे एल्डथॉर्प बुद्रुक!" ही त्यांची गंमत. त्यानंतर ग्रॅहमच्या गावाला ते दुसरं नाव घेईनात. शेवटी एका नकाशावर त्यांना ते नाव मिळालं. तिरक्या, बारीक अक्षरांत. ते अक्षर तिरकं का आहे हे नकाशे वाचण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. आलं असेलही. बोलले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ग्रॅहम निघाला तेव्हा त्याला सूचना मिळाल्या. सकाळी जा. रिकाम्या हाताने जाऊ नको. आधी देवळात जा, म्हणजे चर्चमध्ये. मग गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोध आणि सांग, मी तुमचा एल्डथॉर्प. ते बसवतील, पाणी देतील, मग बोलतील. आणि खजुराचे दोन डबे त्याच्या बॅगेशेजारी ठेवले.

"त्याच्याकडे असं नसतं हो काका," मी म्हटलं. "दारात उभं करतील आणि पोलिसांना बोलावतील."

"गावचा माणूस आला तर?"

"तुम्हाला काय माहीत गावं कशी असतात? तुम्ही कांदिवलीत वाढलात."

ते म्हणाले, "तेही खरंच," आणि डबे दोरीने बांधायला लागले. या माणसाशी भांडायचं म्हणजे हे असं.

ग्रॅहम गेला. मला अजूनही नवल वाटतं, पण गेला. परत आला त्या दिवशी काही न बोलता त्याने फोन करंजखोलकरांसमोर ठेवला. मी मागे उभी होते. फोटोत एक हिरवं कुरण होतं. जमीन मधूनमधून उंचसखल, जसं चादरीखाली कोणी झोपलेलं असावं. मेंढ्या चरत होत्या. दुसऱ्या फोटोत तेच कुरण. तिसऱ्यात एक मेंढी.

"गाव?" करंजखोलकरांनी विचारलं.

"हेच गाव. शेजारच्या शेतकऱ्याच्या बायकोने दाखवलं. नकाशात तिरक्या अक्षरांत असतात ती उठून गेलेली गावं, असं ती म्हणाली. ते उंचवटे म्हणजे घरं. मधला खोलगट पट्टा म्हणजे रस्ता. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या, लोकरीत फायदा होता. त्याने माणसं काढली आणि मेंढ्या आणल्या. घरं पाडली. तिला ही गोष्ट तोंडपाठ होती. तिकडे पुष्कळ गावांचं असं झालंय म्हणे."

"मग माणसं?"

"गेली. जिथे गेली तिथे एल्डथॉर्प झाली असतील. तुम्हीच म्हणालात ना?" त्याने मेंढीचा फोटो बाजूला सरकवला. "खजूर मी तिलाच दिले. तिने मला बसवलं. चहा दिला. तिने कधी एल्डथॉर्प नावाचा माणूस पाहिला नव्हता."

"आणि माफी कोणी मागितली?"

"कसली माफी?"

"गावातून काढलं त्याची."

ग्रॅहम हसला. "किती शतकं झाली, सुधाकर. कोण कोणाची मागणार? मेंढ्यांनी माझी?"

करंजखोलकर हसले नाहीत. त्यांनी तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि जाग्यावर जाऊन बसले. त्या दुपारी त्यांनी कोणाला हाक मारली नाही. बुखारी दोनदा येऊन बघून गेला.

त्या शुक्रवारी त्यांनी ग्रॅहमला आणि मला जेवायला बोलावलं. सुनंदाकाकूंनी हामूर माशाची आमटी केली होती, तांदळाची भाकरी, सोलकढी. कोकमं त्यांच्या भावाने पार्सलने पाठवली होती. काकू म्हणजे करंजखोलकरांच्या उलट. कमी बोलायच्या आणि विषयावर राहायच्या. त्या वर्षाअखेरीस काका निवृत्त होणार होते. निवृत्ती म्हणजे इकामा संपणार, इकामा संपला की देश सोडायचा. इथे कितीही वर्षं काढली तरी तेवढंच. कल्याणला फ्लॅट होता. काकूंनी तिथले पडदेसुद्धा ठरवले होते. आणि त्या जेवणात मला कळलं की करंजखोलकर गेलं वर्षभर करंजखोलमध्ये, सातबाऱ्यावरून शोधून काढलेल्या आजोबांच्या पडीक जागेवर, घर बांधून घेत होते. बाजूच्या तालुक्यातल्या कंत्राटदाराकडून. फोनवरून.

आम्ही भाकरी मोडतोय तेवढ्यात फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर घ्यायचे. गावकीचे प्रमुख बोलत होते, ज्यांना काका आबा म्हणत होते.

"सुधाकर, स्लॅब टाकलास म्हणे घराचा."

"टाकला आबा."

"बरं झालं. घर बांध, आम्ही नाही म्हणणार नाही. पण गावकीचा विषय तसाच आहे तुझा. शिमग्याआधी बैठक आहे. तू ये. देवळात नारळ ठेव आणि चार माणसांत म्हण, आमच्या आजोबांकडून चूक झाली. एवढंच. मग पालखी तुझ्या अंगणात नाचवतो बघ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर काय? तुझी जागा, तू राहा. पण पालखी थांबायची नाही. कोणी तुझ्याकडे यायचं नाही, तुला बोलवायचं नाही. चालत आलंय तसं चालेल. आम्ही काय नवीन करत नाय."

फोन बंद झाला. माझा घास हातातच होता. "काका, तुम्हाला वाळीत टाकलंय?"

"मला नाही. आजोबांना."

"ते जिवंत आहेत?"

"नाहीत गं."

"मग?"

"घर वाळीत असतं," काकू म्हणाल्या, "माणसं मेली तरी." आणि ज्या गोष्टीवर काका इतकी वर्षं ड्रॉइंग पसरून बसले होते, ती काकूंनी पाच-सहा वाक्यांत सांगितली. गावातल्या एका विधवेची जमीन गावकाराने बळकावली होती. कोर्टात तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी तयार नव्हतं. काकांच्या आजोबांनी दिली. बाईला जमीन मिळाली, आणि गावकीने आजोबांचं घर वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद, शिमग्याची पालखी दारावरून जायची पण थांबायची नाही. ते बिऱ्हाड उचलून मुंबईला आले. "आणि लग्नानंतर हे मला गाव दाखवायला घेऊन गेले," काकू म्हणाल्या. "मी नव्या साडीत. उन्हाचा वेळ. यांच्या घराची जागा कुठली, एका माणसाने सांगितलं नाही. मी एका दारात पाणी मागितलं, तर त्या बाईने माझ्यादेखत दार लावून घेतलं. माझ्याच वयाची होती. परत येताना एसटीत हे मला सांगत होते, करंज म्हणजे झाड आणि खोल म्हणजे दरी."

मी ग्रॅहमला इंग्रजीत सांगितलं. वाळीत टाकणं याला त्याच्या भाषेत शब्द शोधायला मला वेळ लागला, आणि तो शोधताना राग चढत गेला. ग्रॅहम काकांकडे बघत होता.

"तुझं गाव उरलं नाही," काका त्याला म्हणाले, "म्हणून तुझी माफी कोणी मागायची, हा प्रश्न सुटला. माझं गाव जागच्या जागी आहे. आणि माफी मी मागायची आहे."

"मागायची कसली!" मी मराठीत ओरडले. "काका, याच्याविरुद्ध कायदा आहे आपल्याकडे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. आमच्या घरी त्याची पत्रकं छापलीत. आबा आत्ता फोनवर जे बोलले त्यावर तक्रार होते. मी लिहून देते. आत्ता."

"मग?"

"मग काय मग? अटक होईल."

"आबाला आत टाकायचं. त्याच्या मुलाला टाकायचं. पालखीच्या भोयांना टाकायचं. आणि रिकाम्या गावात मी कोणाचा करंजखोलकर म्हणून राहू? मेंढ्यांचा?"

"मग माफी मागणार? बाईला तिची जमीन मिळाली ही चूक झाली, असं देवळात जाऊन म्हणणार?"

"ते मी मेलो तरी म्हणणार नाही."

"मी म्हणते, म्हणून टाका," काकू म्हणाल्या. "नारळ ठेवा आणि सुटा. आजोबा काही ऐकायला येत नाहीत. नाहीतर कल्याणला चला. नारळ नाही, ही पोरगी म्हणते ती तक्रार नाही, मग करणार काय तुम्ही तिथे?"

"राहणार."

"राहून काय होतं?"

"आपण राहायचं नाही, एवढंच तर त्यांचं म्हणणं होतं."

काकूंनी आमटीचं भांडं उचललं आणि आत नेलं. कोणाचं जेवण झालं नव्हतं.

मी त्यानंतर त्यांना सोडलं नाही. पॅंट्रीत, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, ते लोकांना गाठायचे तशी मी त्यांना गाठायची. अन्याय सहन करणारा माणूस अन्याय चालू ठेवायला मदत करतो, हे त्यांना सांगितलं. गावाचं प्रेम वगैरे सगळं ठीक, पण ज्यांनी हाकललं त्यांचंच नाव गळ्यात घालून फिरता, याचा अर्थ काय, हेही विचारलं. यावर त्यांनी स्वेटरच्या बाह्या ओढल्या आणि म्हणाले, "त्यांचं कसं? आजोबा गावात होते तेव्हा त्यांना हे नाव नव्हतं. मुंबईत पहिल्या नोकरीवर साहेबाने विचारलं, नाव काय लिहू? तेव्हा त्यांनी हे सांगितलं. गाव गाववाल्यांनी ठेवून घेतलं, नाव आम्ही आणलं."

मला त्यावर उत्तर होतं. आजही आहे. नाव आणून काय मिळालं? पण ते लिफ्टमधून उतरून गेले होते.

वर्षअखेरीस ते गेले. ग्रॅहमने काका-काकूंना विमानतळावर सोडलं. मग गावाहून काकांचे फोन सुरू झाले, आणि मला ते घेऊ नयेत असं वाटायचं. आवाज इतका आनंदी असायचा की डोकं उठायचं.

"वाणी म्हणतो, साखर संपली. माझ्या मागे उभा होता त्याला दिली!"

"काका, यात हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, तो मला बघून बोलला. आधी बोलतही नव्हता."

दळण शेजारच्या गावात. दूध शेजारच्या गावातून. काकूंना बोलायला भिंती. काका सकाळी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायचे. उत्तर कोणी द्यायचं नाही. एकदा मी फोन काकूंकडे द्यायला सांगितला. "तुम्ही कशाला राहताय? कल्याणला जा ना," मी म्हटलं. "यांना भाकरी येत नाही करायला," त्या म्हणाल्या, आणि फोन परत दिला. त्यानंतर मी तक्रारीचा मसुदा करून त्यांना पाठवला. काकांनी अंगठा पाठवला. तक्रार पाठवली नाही. नारळही ठेवला नाही. बैठक होऊन गेली.

शिमग्यात त्यांच्या वाडीवर पालखी यायची त्या दिवशी दुपारी ऑफिसात त्यांचा व्हिडिओ आला. मी कामात होते. ग्रॅहमने आपली खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. पडद्यावर काका, स्वेटर नाही, टाय नाही, स्वच्छ पांढरा शर्ट. मागे सारवलेलं अंगण, रांगोळी, चौरंग. दारात आंब्याचे टहाळे बांधलेले. काकू हिरव्या साडीत, हातात ओटीचं ताट, पायरीवर उभ्या.

"कशासाठी केलंत हे सगळं?" मी म्हटलं. "थांबणार नाही म्हणून सांगितलंय ना त्यांनी?"

"अंगण आपलं आहे. आपण तयार असावं," काका म्हणाले. "ग्रॅहम, ऐकू येतंय?"

ढोल ऐकू येत होता. लांबून, मग वळणावरून, मग इतका जवळून की माझ्या फोनचा स्पीकर फाटायला लागला. काकांनी कॅमेरा रस्त्याकडे केला. गुलालाने माखलेली पोरं, खांद्यावर पालखी, मागे सगळं गाव. शेजारच्या अंगणात पालखी नाचली. तिथल्या बायकांनी ओटी भरली. मग पालखी रस्त्यावर आली आणि काकांच्या अंगणासमोर आली.

भोयांनी मान वळवली नाही. ढोल एका ठेक्यात वाजत राहिला. पालखी पुढे सरकली, आणि कॅमेऱ्यात तिची पाठ दिसायला लागली.

काकांनी फोन स्वतःकडे वळवला. चेहरा हसराच होता, म्हणजे त्यांनी तो तसा धरून ठेवला होता. "बघितलंस ना? इथूनच गेली," ते म्हणाले. "वाट हीच आहे. पुढच्या वर्षी..."

"काका, पुरे," मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांच्या मागून काहीतरी हिरवं सर्रकन गेलं. काका वळले. "सुनंदा? अगं, सुनंदा! कुठे निघालीस?"

पायरी रिकामी होती. काकू ताट घेऊन अंगणातून रस्त्यावर उतरल्या होत्या. भराभर चालत, गर्दीच्या कडेने, बायकांना ओलांडून, ढोलवाल्यांना ओलांडून त्या पालखीच्या पुढे गेल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. हे मी नीट पाहिलं असं म्हणता येणार नाही, कारण काका धावत सुटले होते. त्या माणसाला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. फोन त्यांच्या हातात विसरलेला होता. पडद्यावर लाल माती, त्यांची चप्पल, आभाळ, पुन्हा माती, कोणाचे तरी गुलालाने भरलेले पाय, आणि त्यांचा धापा टाकणारा आवाज, "सुनंदा, थांब, मी आलो, मी आलो..."

ग्रॅहम माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "काय झालं?" त्याने विचारलं. "आवाज का बंद झाला?"

आवाज बंद झाला नव्हता. काकांचा श्वास ऐकू येत होता. ढोल थांबला होता.